दुरुस्त केलेली ओहोटी

चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचा कच्चा कागद वाचायचा, चुका शोधायच्या आणि लाल पेनाने समासात खुणा करायच्या, हे माझं काम. सगळे मला लालबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. माझ्या नजरेखालून गेलेल्या पानात कोणी चूक दाखवली, तर मी ती सरळ अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या गळ्यात मारायचे. तो बिचारा मुकाट ऐकून घ्यायचा, कारण दहांतल्या नऊ वेळा ती त्याचीच असायची. दहाव्या वेळेचं मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, अडुसष्टची. हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स होती. नवरा गेल्यापासून आपल्या घरात एकटी राहते आणि मजेत राहते. दीड वर्षापूर्वी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेर टेबलावर, घराला आतून कुलूप. चार तास तशीच पडून होती. शेवटी तिच्या मुलाने कुलूपवाला आणून दार उघडलं. ऑपरेशन झालं, खुब्यात धातूची पट्टी बसली, सहा महिन्यांत ताई चालायला लागली. पण मुलगा मनाने काही त्या दारातून बाहेर आला नाही.

माझा हा भाचा दंतवैद्य आहे. दिवसभर तो लोकांना तोंड उघडा म्हणतो आणि लोक उघडतात, त्यामुळे आपण सांगितलं की ते होतं असा त्याचा समज झालाय. त्याने ताईला 'माझ्याकडे राहायला येतेस का' असं कधी विचारलंच नाही. त्याने खोली रंगवून घेतली, पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आणि मग कोणत्या रविवारी सामान हलवायचं ते सांगितलं. ताईने नाही म्हटलं. त्याने पुढचा रविवार सांगितला. असे रविवार किती झाले ते मी मोजायचं सोडून दिलं. दोघंही माझ्याकडे येऊन एकमेकांच्या तक्रारी करायचे, आणि मी दोघांनाही चहा करून करून कंटाळले.

एका रविवारी मात्र ताईचा पारा चढला. त्याच्यासमोर भांडी विसळता विसळता ती म्हणाली की समुद्राकाठच्या राष्ट्रीय उद्यानातली ती पाच दिवसांची पायवाट मी चालून दाखवते, मग तरी तुझी खात्री पटेल का. बासष्ट किलोमीटर, वाटेत चार मुक्काम. तोही आईवरच गेलाय. म्हणाला, "चाल. वाटेत एकदाही बोट किंवा जीप बोलावली नाहीस, तर हा विषय मी परत काढणार नाही. बोलावलीस, तर परतल्यावर पहिल्या रविवारी सामान हलवायचं." ताईने ओला हात पुढे केला आणि दोघांनी हातावर हात मारला. मी म्हटलं, तुम्ही दोघं वेडे आहात, आणि मी बरोबर जाणार. एकसष्टाव्या वर्षी मला काही कमी हौस नव्हती. शिवाय ताईच्या घराची मला सवय आहे. तिथे गेलं की मी चपला काढते आणि विचारत नाही कुठे ठेवू.

चार महिने तयारी केली. ताई रोज सकाळी पाच मजले चढून उतरायची आणि वरखाली स्वतःची नाडी मोजून वहीत लिहायची. मी नवे बूट घेतले आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही टाचा सोलून घेतल्या. ताईने पट्ट्या लावताना माझी अशी काही खरडपट्टी काढली की वॉर्डमधल्या शिकाऊ नर्सांची मला दया आली.

उद्यानाच्या दाराशी वनरक्षकांच्या ऑफिसात एक बाई होत्या. त्यांनी नावं लिहून घेतली, अडीअडचणीला कोणाला कळवायचं म्हणून भाच्याचा नंबर घेतला आणि एक पुस्तिका दिली. त्यात रोजची वाट, पाण्याच्या जागा, मागे समुद्राच्या भरती-ओहोटीचा तक्ता. चौथ्या दिवशी एक खाडी लागते, तिच्यावर पूल नाही, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडायची. तिची आमच्या तारखेची वेळ त्यांनी एका चिठ्ठीवर छापून त्या पानावर चिकटवून दिली. वेळ चुकवू नका म्हणून बजावलं. मी म्हटलं, वेळ चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

पहिला दिवस सोपा होता. डावीकडे कडा, उजवीकडे समुद्र, मधून पायवाट. ताई पुढे, मी मागे. ती काठी टेकत एका लयीत चालायची, ना घाई ना उशीर, जसा काही तिला राउंड संपवायचा होता. दर तासाला थांबून पाच मिनिटं पाय वर करून बसायची, मी दमलेली असो नसो मलाही बसवायची. उकडलेली अंडी, ब्रेड, खजूर. चार वाजता आम्ही मुक्कामाच्या खोलीत पोचलोसुद्धा. ताईने बूट काढले, पाय तपासले, पट्टीच्या जागेवर हात फिरवला आणि म्हणाली की अजून दहा किलोमीटर चालले असते. मला वाटलं, जिंकलो आपण.

उजेड होता, वेळ होता आणि वाचायला ती पुस्तिका सोडून काही नव्हतं. माझं पेन बरोबर होतं, ते असतंच. पहिल्याच पानावर पहिली वेलांटी. मग उकार. एका पक्ष्याचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी. 'पिण्याचे पाणी' ऐवजी 'पिण्यचे पाणी'. अकरा चुका काढल्या मी, एकही फालतू नाही. ताई म्हणाली, फुकट काम करतेस. मी म्हटलं, सवयीला पगार लागत नाही.

बारावी चूक चौथ्या दिवसाच्या पानावर सापडली. चिठ्ठीवर खाडीची वेळ दोन वीस. मागच्या तक्त्यात त्याच तारखेची ओहोटी एक दहा. एकाच दिवसाची, एकाच पाण्याची वेळ, आणि दोन पानांवर दोन. आमच्या कामात याला मेजवानी म्हणतात. आता नियम असा आहे की शंका आली तर खोडायचं नाही, समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं. उमेदवारीत पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. पण लिहिणाऱ्यांना विचारून विचारून माझा जीव मेटाकुटीला आलेला, म्हणून शेवटची काही वर्षं मी प्रश्नचिन्ह टाकणं सोडून दिलं होतं. तक्ता छापील, चिठ्ठी कोणीतरी घाईत केलेली, आणि ज्या पुस्तिकेत पिण्याचं पाणीसुद्धा धड लिहिलेलं नाही तिचा काय भरवसा. मी दोन वीसवर एक सरळ लाल रेघ मारली आणि वर एक दहा लिहिलं. ताईला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दुसरा दिवस चढाचा गेला, तिसरा वाळूचा. वाळूत ताईचा पाय ओढायला लागला. संध्याकाळी मी विचारलं दुखतंय का, तर म्हणाली, "दुखतंय. दुखणं आणि बिघडणं यांत फरक असतो, मी चाळीस वर्षं तोच फरक सांगत आले." मग तिने गोळी घेतली आणि झोपलीसुद्धा. मी मात्र कुशी बदलत होते. तिचं घर जाईल की काय, ही भीती मला तिच्याहून जास्त होती, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवशी मी तिला घाई करून बाहेर काढलं. एक दहाला खाडी, म्हणजे साडेबारापर्यंत पोचायलाच हवं. ताई म्हणाली, त्या बाई दुपारी उशिराची वेळ म्हणाल्या होत्या बहुतेक. मी म्हटलं, तुला आठवत नाही, माझ्याकडे लेखी आहे. माझ्याकडे लेखी आहे म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प बसतात.

एकला दहा कमी असताना आम्ही काठावर पोचलो. गुडघाभर कसलं, पाणी कमरेच्या वर असावं आणि ओढही जोराची. समोरचा काठ दीडशे पावलांवर, त्याच्यामागे झाडीत मुक्कामाच्या खोलीचं छप्पर दिसत होतं. ताईने काठी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली, पाठपिशवी उतरवली आणि जरा लांब खडकाच्या सावलीत जाऊन आडवी झाली. मी घड्याळ घेऊन उभी राहिले. एक वाजला. एक दहा झाले. पाणी तसंच धावत होतं. एक वीस.

मग मी मनात सगळं जुळवलं. ओहोटीची वेळ टळली. एवढं पाणी आहे म्हणजे आज ओहोटी नीट झालीच नाही, आणि आता भरती सुरू होणार, पाणी वाढतच जाणार. पुढची ओहोटी मध्यरात्रीनंतर, अंधारात खाडीत उतरायचं नाही असं पुस्तिकेत ठळक लिहिलेलं. वळसा घालून पुलावरून जायचं तर एकोणीस किलोमीटर, ताईच्या त्या पायाने. राहिली बोट. मी वाळूच्या टेकाडावर चढले, तिथे फोनला रेंज होती, आणि ऑफिसला फोन लावला. म्हटलं, खाडी ओलांडता येत नाही, वेळ टळून गेलीय, बरोबर ऑपरेशन झालेली बाई आहे, बोट पाठवा. त्या वनरक्षक बाई काहीतरी म्हणत होत्या, "पण अजून तर" असं त्या दोनदा म्हणाल्या. मी त्यांना बोलू दिलं नाही. मी म्हटलं, तुमच्याच पुस्तिकेवरून बोलतेय मी. त्या म्हणाल्या बरं, तासाभरात येईल, घरच्यांना निरोप जाईल.

खाली आले तेव्हा ताई उठून बसली होती. मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मला उठवायचं नाही का गं?" मी म्हटलं, तुझ्या जिवाशी खेळायचं का मग? माझा आवाज चढला, चूक झाली की तो चढतोच. ताई उठली आणि काठी आणायला गेली. तिथेच उभी राहिली. मग मला हाक मारली.

काठी कोरड्या वाळूत उभी होती. पाण्याची कड तिच्यापासून सात पावलं खाली गेली होती.

"मी रोवली तेव्हा काठी पाण्याच्या कडेला होती," ताई म्हणाली. "पेशंट आला की आधी मोजायचं, मग बोलायचं. तू काय बघत होतीस पाऊण तास?"

मी घड्याळ बघत होते. पान बघत होते. पाण्याकडे मी बघितलंच नव्हतं. आता बघितलं तर फेस, पानं, काटक्या सगळं समुद्राकडे चाललं होतं. खाडी अजून रिकामी होत होती. बाहेर समुद्र खाली गेला तरी आत मैलोन्‌मैल शिरलेलं पाणी एवढ्याशा तोंडातून बाहेर पडायला वेळ घेणारच की. न्हाणीघराच्या मोरीला जे कळतं ते मला कळलं नव्हतं. मी पुस्तिका उघडली. माझ्या रेघेखालून दोन वीस स्वच्छ वाचता येत होतं. मी खोडते ते नीटच खोडते.

ताईने पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी धावत टेकाडावर गेले, फोन लावला, बोट नको म्हटलं. बोट निघाली होती. निरोपही गेला होता.

सव्वादोनला आम्ही पाण्यात उतरलो. बूट गळ्यात, पाठपिशव्या वर घट्ट, ताई काठी टेकत पुढे. पाणी गुडघ्याच्या जरा वर, गार, तळाशी घट्ट वाळू. एकदासुद्धा ती अडखळली नाही. आम्ही मध्यावर असताना खाडीच्या तोंडाशी बोट आली आणि वाळूच्या दांड्यावर रुतून बसली. ओहोटीत बोट बोलावल्यावर दुसरं काय होणार. बोटवाला पन्नाशीचा, पँट गुंडाळून उतरला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फॉर्म घेऊन पाण्यातून तरातरा आमच्याकडे आला. चढा म्हणाला नाही, कारण चढायला बोट तिकडे अडकलेली. म्हणाला, बोट निघाली की फॉर्म भरावाच लागतो. प्रवासी घेतले, शून्य. कारण?

भर खाडीत, ताईच्या पाठपिशवीवर कागद ठेवून मी लिहिलं, 'पुस्तिकेत वेळ चुकीची.' हात आपोआप चालला. चौतीस वर्षं हेच लिहीत आले होते. आणि कोण शंका घेणार होतं? अकरा चुका माझ्याकडे तयार होत्या. चूक पुस्तिकेची ठरली की भाच्याचंही तोंड बंद, ताईचं घर शाबूत, माझं नाकही शाबूत.

बोटवाल्याने वाचलं आणि त्याचा चेहराच पडला. म्हणाला, खाडीची वेळ मी देतो, पलीकडे पाणी मोजायचा खांब आहे माझा, रोज बघून लिहितो, नऊ वर्षांत चुकलेली नाही. किती सांगितली होती? तो वाट बघत उभा, पाणी तिघांच्या पायांमधून चाललेलं. ताई समोरच्या काठाकडे तोंड करून उभी होती, तिने वळून बघितलं नाही. तिची पाठ माझ्या कागदाखाली श्वास घेत होती, ते मला हाताला लागत होतं.

मी फॉर्म परत ओढला. लिहिलं होतं ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'वेळ बरोबर होती. वाचणारीने ती खोडून चुकीची केली.' आणि सही केली. बोटवाल्याने वाचलं, मान हलवली आणि तुमची बहीण जपून न्या म्हणाला. ताई म्हणाली, "मीच तिला नेतेय."

पाचव्या दिवशी वाट संपते तिथे गाडी लावून भाचा उभा होता. ताई शेवटचा उतार काठी न टेकता उतरली, मुद्दाम. त्याने तिला जवळ घेतलं, पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मग जे बोलायचं ते बोलला. बोटीचा निरोप आला होता. ठरलं होतं तसं येत्या रविवारी. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. ताई म्हणाली, "बोट बोलावली गेली, हे खरं आहे." बस. माझं नाव नाही, खाडीचं नाव नाही. हातावर हात मारला होता ना, आमची ताई अशीच आहे.

मग मीच पुढे झाले. पुस्तिका उघडून त्याच्या हातात दिली आणि ते पान दाखवलं. दोन वीस कसं खोडलं, फोन कसा लावला, ताईला झोपेत ठेवून कसा लावला, काठी कशी कोरडी होती, बोट रुतून बसली तेव्हा ती चालत कशी गेली, सगळं सांगितलं. खाडीत आधी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि मधूनच माझ्या तोंडाकडे बघत होता. लहानपणी मला पाठवलेली त्याची पत्रं मी लाल खुणा करून परत पाठवायचे.

"मावशी, तुझी चूक?" तो म्हणाला.

"माझी. तिने बोट बोलावली नाही. तिला कोणी विचारलंच नाही, ना मी, ना तू."

हे शेवटचं मी ठरवून म्हटलं नव्हतं. त्याने पुस्तिका गाडीच्या टपावर ठेवली आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाला, कुलूपवाला दार उघडत होता तेव्हा आतून आवाज येत नव्हता, आई. तू दमून झोपली होतीस, पण मला काय माहीत? ताईने त्याचा दंड धरला आणि माहीत आहे म्हणाली. मी बुटातली वाळू काढत बसले, निघाली होती तरी काढत बसले.

त्याने आमच्या पाठपिशव्या मागे टाकल्या, ताईला पुढे बसवलं, पट्टा लावायला हात नेला आणि परत घेतला. तिने तो स्वतः लावला. तो गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला.

"आई, कुठे सोडू?"

दीड वर्षात त्याने तिला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. ताईने घसा साफ केला आणि एखाद्या अनोळखी ड्रायव्हरला सांगावा तसा त्याला आपला पूर्ण पत्ता सांगितला, इमारतीच्या नावापासून, दुसरा मजला, डावीकडचं दार. त्याने तो एकदा म्हणून बघितला, बरोबर आहे ना विचारलं, आणि गाडी काढली.